बाईंच्या दोन बरण्या

बाईंच्या खोलीत लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. महिन्याचे चार दिवस बाई लाल दोऱ्याच्या बरणीत मुद्दाम हात घालीत आणि लोणचं तळापासून ढवळीत. हात अर्थात स्वच्छ धुतलेला, कोरडा. पांढऱ्या दोऱ्याच्या बरणीला त्या दिवसांत त्या शिवत नसत. तीन वर्षं हे चाललं होतं. तिसऱ्या वर्षी पांढऱ्या दोऱ्याच्या बरणीवर बुरशी आली. झाकण सैल होतं, एवढंच. दुसरी कुणी असती तर तिला आनंद झाला असता. बाई हिरमुसल्या. म्हणाल्या, "दोन्ही टिकायला हव्या होत्या. आता लोक म्हणतील, विटाळानं लोणचं टिकतं असं बाई सांगतात. पुन्हा पहिल्यापासून."

आणि खरोखरच त्यांनी दोन्ही बरण्या रिकाम्या करून, उन्हात तापवून, नवं लोणचं घातलं.

शहापूरच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्य बाई होत्या. मुख्य म्हणजे दोघींतल्या एक. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे बाईंची राहायची खोली. वय अडतीस, विधवा, डोक्यावर केस ठेवलेले, हातात बारा महिने पुरुषी काळी छत्री. त्या मूळच्या मुरबाडकडच्या, पुण्याला शिकून आलेल्या, एवढंच गावाला ठाऊक. पहिलीतल्या पोरीलाही त्या अहोजाहो करीत. 'तुमचं नाक वाहतंय, पुसून या' असं सहा वर्षांच्या मुलीला म्हणत, आणि ती पोर खरंच मोठ्या बाईसारखी उठून नाक पुसून येई.

"ऐकलंत ना? आता करून बघा," हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं की बायकांनी शीळ घातली तर घरात साप येतो, की बाई त्या संध्याकाळपासून शीळ घालायला लागत. आठ दिवस घातली. सहाव्या दिवशी साप आला. आमची पाचावर धारण बसली. बाईंनी शांतपणे वही काढून दाखवली. मागच्या पावसाळ्यात शीळ न घालता दोन साप आले होते, तारखेसकट.

पण गाव त्यांना ओळखायचं, आणि घाबरायचंही, ते शनिवारच्या तासासाठी. वेळापत्रकात त्या तासाचं नाव शिवणकाम. पाचवीपासून सातवीपर्यंतच्या आम्ही अकरा मुली. बाई पुढचं दार लावून घेत, छत्री दाराच्या कडीत अडकवत आणि सुया वाटत. मग शिवता शिवता त्या जे सांगत, ते आम्हाला आमच्या आयांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या आयांनी त्यांना.

एकदा भाद्रपदात त्यांनी भाताची एक काडी आणली. जाड, हिरवीगार, मध्ये फुगलेली. हे काय म्हणून विचारलं. आम्ही कचेरीतल्या कारकुनांच्या आणि दुकानदारांच्या मुली, आम्हाला ते नुसतं गवत. सापगावहून रोज चालत येणारी एक कुणब्याची मुलगी होती, ती म्हणाली, "पोटरीत आलाय, बाय. पंधरा दिसांनी निसवंल, कणीस भायेर येल."

"मग आता त्याचं काय करायचं? घाण झाली म्हणून बांधावर टाकायचं?"

ती खो खो हसली. "टाकाल कशाला, बाय? आता तर राखण कराय लागंल. पाणी बघाय लागंल."

"बसा," बाई म्हणाल्या. "आजचा धडा यांनी सांगितला."

पुढच्या तासाभरात आम्हाला कळलं की आमच्या अंगातही अशीच काहीतरी पोटरी भरत असते. छाती दुखते ती रोगानं नव्हे. काखेत केस येतात ते पापानं नव्हे. आणि एक दिवस रक्त दिसेल तेव्हा आपण मरत नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. सापगावची ती मुलगी नंतर मला म्हणाली, "माजी थोरली बहीण विहिरीवर गेलती गो, जीव द्याला. तिला वाटलं आपुन फुटलो आतून." तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही जे शिवत होतो त्या जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या. त्या कशा घ्यायच्या, कशा धुवायच्या, हेही त्यातच आलं. बायका त्या काळी असली फडकी गोठ्यात, आडोशाला, ओलसर अंधारात वाळत घालत आणि मग खाज, गळवं सहन करीत. बाईंचा हट्ट, ऊन पाहिजे. म्हणून शाळेच्या मागच्या कुंपणावर भर दुपारी पांढऱ्या घड्यांची रांग असे. एकदा तपासणीचे साहेब न सांगता आले. रांग पाहून त्यांनी विचारलं, ही एवढी फडकी कशाची? बाई म्हणाल्या, शिवणकामाची. साहेबांनी एक घडी काढून चष्मा पुसला, मऊ आहे म्हणून दुसऱ्यांदा पुसला, आणि शेरेबुकात मुलींच्या हाताची सफाई आणि शाळेची स्वच्छता वाखाणण्याजोगी असल्याचं लिहून गेले. आम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या होतो. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. साहेब गेल्यावर मात्र त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून बादली आपटल्याचा आवाज येत होता. हसताना त्यांना काहीतरी आपटायला लागे.

आता माझं सांगते. हे सगळं मी इतकी वर्षं गमतीनं सांगत आले आहे. बरण्या, शीळ, चष्मा. ऐकणारे हसतात आणि मी तिथेच थांबते. पुढचं यंदापर्यंत बाईंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सातवीत होते. चैत्रात व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, ठाण्याला. ती पास झाले की मला शिक्षिका होता येणार होतं, आणि दुसरं काही मला हवंच नव्हतं. आमच्या घरी वडील कचेरीत कारकून, पण घर चालायचं आत्याच्या हुकमानं. आत्या विधवा, लाल आलवणातली, कडक सोवळ्याची. तिनं सांगून ठेवलं होतं, पोरीला न्हाण आलं की दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. यात नवल काहीच नव्हतं, साऱ्या गावाचा तोच कायदा. दर महिन्याला तीन दिवस खाडे पडू लागले की हजेरीपटावरूनच गावाला कळे, आणि मुलगी घरात जाई.

माघात, एका शनिवारी, शाळेतच मला दिसलं. मी मेले नाही. मला भीतीही वाटली नाही, हे बाईंचं देणं. मी मागच्या खोलीत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, घडी दिली आणि विचारलं, घरी सांगणार का? मी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत नाही. त्यांनी गुळाच्या डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "ते तुमचं. मी कुणाला बोलणार नाही. मात्र लपवलेल्या गोष्टीला कधी कधी आपण सोडून दुसरंच कुणी धडकतं. तेवढं लक्षात असू द्या."

मी ते लक्षात ठेवलं नाही. गुळाचा खडा तोंडात होता.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उडदाचे पापड होते. आत्यानं पीठ भिजवलं, आई, वहिनी आणि मी लाटायला बसलो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, टोकावड्याची, सतरा वर्षांची. ती माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी होती, तरी मला वन्सं म्हणायची, आणि आत्याची पाठ वळली की पापडाच्या लाटीचा गोळा माझ्या तोंडात कोंबायची. तीनएकशे पापड झाले. आठवड्याने पहिले चार तळले, ते लालसर निघाले. चवीला खारट, कडसर.

विटाळशीची सावली पडली की पापड लाल होतात, हे प्रत्येक घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्यानं आईला विचारलं. आई पापडांच्या आदल्याच आठवड्यात बाजूला बसून उठली होती. मग वहिनी. वहिनीची तारीख पापडाच्या आसपासची, आणि त्या दिवशी ती बसली नव्हती. दोन दिवस उशिरानं बसली होती. आत्या म्हणाली, तेव्हाच बाहेरची झाली असशील, पापड लाटायला मिळावेत म्हणून लपवलंस. वहिनी तुळशीवर हात ठेवायला निघाली तर आत्यानं तिला तुळशीजवळ जाऊ दिलं नाही. वडील खाली मान घालून बसले होते. दादा बाहेर निघून गेला.

मला कुणी विचारलंच नाही. मी अजून परकरात होते, माझा हिशोबच नव्हता. खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि तीच सबब मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला देत राहिले. खांबाला टेकून मी उभी होते. तोंड उघडलं असतं तर वहिनी सुटत होती आणि शाळा जात होती. मी तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी बैलगाडीत घालून वहिनीला टोकावड्याला पाठवून दिलं, बोलावल्याशिवाय येऊ नये असं सांगून. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मी पाहत नव्हते.

पंधरा दिवसांनी त्रैराशिकाचं गणित सोडवताना माझ्या पाटीवर पाणी पडायला लागलं. बाईंनी मला मागे नेलं. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वैद्यासारखे प्रश्न विचारले. पीठ किती? पाणी कुठलं? वाळवले कुठे? पापडखार कुणी घातला? मी म्हटलं, आत्याच घालते, नेहमी. मोजून? नाही, मुठीनं.

"हं," बाई म्हणाल्या. एवढंच.

त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी आमच्या अंगणात बाई उभ्या राहिल्या. काखेत छत्री, हातात शेगडी. मागे सापगावची मुलगी डोक्यावर कढई आणि दोन डबे घेऊन. त्या ओट्याची पायरी चढल्या नाहीत. अंगणातच, कडेला, बसकण मारली, शेगडी पेटवली आणि आत्याला हाक मारली. आत्या दारात आली, मागे आई. मी आतल्या चौकटीशी.

बाई म्हणाल्या, आपण या गावातल्या जाणत्या, म्हणून एक विचारायला आले आहे. हे दोन डब्यांतले पापड. एक डबा देवळाजवळच्या काकूंनी सोवळ्यात लाटलेला, दुसरा एका बाहेर बसलेल्या बाईनं. माझी खूणगाठ चुकली आहे. तळून देते, तुम्ही ओळखा. आत्याला असलं आव्हान फार आवडायचं. ती खाली उतरली.

बाईंनी तळले. एक चळत पांढरी शुभ्र, फुलून आलेली. दुसरी लालसर. आत्यानं पांढऱ्यांतला एक उचलून वास घेतला, कडा मोडून पाहिली, ठेवला. मग लालकडे नुसतं बोट दाखवलं. "हे. शेंबडं पोरही सांगेल."

"ते काकूंचे," बाई म्हणाल्या. "त्यांना मी खाराची पुडी दिली होती, दुप्पट मोजून. काकूंना विचारून या. पांढरे ते दुसरे."

आत्याचा हात अजून हवेत होता. "कुणी लाटले ते?"

"मी," बाई म्हणाल्या. "काल. आज माझा दुसरा दिवस आहे."

अंगणात शेगडीतला कोळसा तडकल्याचा आवाज झाला. आत्यानं हात झटकला, आपल्या बोटांकडे पाहिलं. बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमच्या घरच्या कशाला मी शिवलेले नाही. शेगडी माझी, तेल माझं. तुम्हाला लागला तो पापड तेवढा, त्याची अंघोळ करा. पण सुनेला आणायला गाडी पाठवा."

बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. माझ्या वाटणीचा शब्द त्या उचलून घेऊन गेल्या होत्या, आणि मी चौकटीशी उभी राहून तो त्यांना नेऊ दिला.

आत्याबद्दल एक सांगायलाच हवं, ती हरल्यावर रडीचा डाव खेळली नाही. अंघोळ करून आली, उरलेलं उडदाचं पीठ काढलं, खार चमच्यानं मोजून घातला, स्वतः चार पापड लाटून वाळवले आणि दुसऱ्या दिवशी तळले. पांढरे निघाले. वडिलांना म्हणाली, "गाडी सांग." वहिनी परत आली. दीड महिना ती माहेरी होती.

पण देवळात चार बायकांत बसल्यावर आत्याला राहवलं नाही. मास्तरीण विटाळ घेऊन दुसऱ्याच्या अंगणात येते, एवढंच ती बोलली असेल. पुढे अर्ज झाला, सह्या झाल्या. शनिवारच्या तासाचंही त्यात आलं. बाई आम्हाला ठाण्याला परीक्षेला घेऊन गेल्या, परत आणून सोडलं, आणि त्याच आठवड्यात त्यांची मुरबाडला बदली झाली. बरण्या छकड्यात त्यांनी मांडीवर धरल्या होत्या. मी पास झाले. तो निकालाचा कागद माझ्याकडे अजून आहे आणि मी तो फारसा काढत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, मी स्वतः शिक्षिका झाल्यावर, मुरबाडला जाऊन बाईंना भेटले. त्या वाळल्या होत्या. खिडकीत तुळशीची दोन रोपं होती, लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची. मी बसले, चहा घेतला आणि मग जे पाठ करून आले होते ते म्हटलं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माझ्यामुळे तुमची बदली झाली.

त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. "बोलायला हवं होतं, हे खरं. पण तुम्ही तेरा वर्षांच्या होतात आणि परीक्षा तोंडावर होती. मी अडतीसची, मला कुठली परीक्षा द्यायची होती? मी ठरवून बोलले. त्याची माफी माझ्याकडे नका मागू, मला ती ठेवायला जागा नाही." मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "वहिनींना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा. मी विचारीन."

आणि त्या विचारीत राहिल्या. दर संक्रांतीला एक कार्ड. वर माझा पत्ता, मागे दोन शब्द: 'सांगितलंत का?' खाली सही. तब्येतीची विचारपूस नाही, तिळगूळ घ्या नाही. मी उत्तरात शाळेचं, पावसाचं, मुलींचं सगळं लिही. मी चालवत असलेल्या शनिवारच्या तासाचंही लिही. त्या एका प्रश्नाला वगळून. पुढच्या संक्रांतीला पुन्हा तेच दोन शब्द. असं किती वर्षं चाललं ते मोजायची मला लाज वाटते. एका संक्रांतीला कार्ड आलं नाही. मुरबाडच्या एका शिक्षिकेकडून कळलं की बाई मार्गशीर्षातच गेल्या.

कार्ड येत होतं तोवर टाळता येत होतं. ते थांबल्यावर मला झोपताना, उठताना तो प्रश्न ऐकू यायला लागला. आत्या केव्हाच गेली होती, आईही. दादा गेल्याला दोन वर्षं झाली होती. वहिनी शहापूरच्या घरात सुनेजवळ राहत होती, साखरेचा त्रास, डोळ्यांनी कमी दिसे. यंदा मे महिन्याच्या सुटीत मी गेले आणि दुपारी, ती ओसरीवर मेथी निवडत असताना, सांगितलं. घडवून, मागचं पुढचं जोडून नव्हे. म्हटलं, वहिनी, पापडांच्या वेळी जी बाहेरची होती ती मी होते. तुम्हाला टोकावड्याला धाडलं तेव्हा मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

मेथी निवडणारा हात थांबला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, या वेळी पाहिलं. आतून रेडिओ चालू होता. मला वाटलं, आता जे येईल ते घ्यायचं.

"दीड महिना," वहिनी म्हणाली. "लग्न झाल्यावर दोन वर्षांत मला आठ दिवससुद्धा माहेर मिळालं नव्हतं, वन्सं. आईनं विचारलं, का गो आलीस? मी सांगितलं पापडाचं. आई म्हणाली, बरं झालं, आता राहा. रोज डोक्यावरून न्हायला घालायची. तुमच्या दादाची गाडी दारात आली ना, तेव्हा मी परसात जाऊन रडले." ती हसली. मग हसू गेलं. "आत्याबाई चोरटी म्हणाल्या ते मात्र लागलं होतं. तुळशीला हात लावू दिला नाय. ते अजून आठवतं कधी कधी, दिवा लावताना."

"माझी चूक होती ती," मी म्हटलं.

"होती," वहिनी म्हणाली. तिनं ते सहज मान्य केलं, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं मला वाटलं. नाही नाही म्हणाली असती तर उतरलं नसतं. तिनं मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली, दोन काड्या निवडल्या, आणि एकदम थांबून माझ्याकडे वळली. कमी दिसत असल्यानं तिला चेहरा अगदी जवळ आणायला लागतो.

"म्हणजे तो तुमचा दुसराच दिवस. पहिल्या खेपेचा. आणि सकाळपासून पाटावर वाकून तीनशे पापड लाटलेत माझ्या बरोबरीनं?" ती म्हणाली. "पोटात दुखत असेल की हो."

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"दुखत होतं," मी म्हटलं. "फार दुखत होतं, वहिनी."